पक्की प्रत

—नाही हो कुमुदताई, कच्चे कागद कुठले राहायला! आधी बसा तुम्ही. उंबऱ्यात उभं राहून बोलू नका, समोरच्या ब्लॉकमधून माणसं बघत असतात. इथं बसा, पंख्याखाली. आवडी, पाणी आण गं, आणि चहाचं आधण ठेव. हे बाजारात गेलेत, येतीलच एवढ्यात. रविवारी त्यांना उशिरानं आंघोळ लागते, म्हणून तर बंब पेटलेला आहे अजून, धूर बघा कसा झालाय. तर काय म्हणत होते — कच्चे कागद. ते आम्ही ठेवतच नाही. पहिल्यापासूनची पद्धत आहे आमच्या महिला मंडळाची. बायका लिहून देतात ते कशावर देतात, सांगू? पाठकोऱ्या कागदावर, कॅलेंडरच्या मागं, एकीनं तर साखरेची पुडी उलगडून तिच्यावर लिहिलं होतं, मुंग्या लागलेल्या! असलं काय जपून ठेवायचं? मी ते वाचते, नीट करते, आणि मग मोठ्या वहीत पक्कं लिहून काढते. सबंध अंक एका अक्षरातला हवा ना. नाहीतर एकीचं अक्षर मुंगीएवढं, दुसरीचं घोड्याएवढं, बघायला बरं दिसतं का ते? एकदा पक्की प्रत झाली की कच्चं सगळं बंबात. आवडीच घालते. तेवढंच पाणी तापतं. उमाची थोरली बहीण तुम्ही, मिरजेहून एवढ्या लांबून आलात, तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवताना माझ्याच जिवाला कसंतरी होतंय. पण नाहीत ते कागद. असते तर दिले नसते का?

घ्या, पाणी घ्या. माझं अक्षर तुम्ही पाहिलंच असेल म्हणा आता. — हो, तिथंच म्हणते मी. कल्याणच्या कोर्टात. बाई बाई, आमचा हस्तलिखित ‘सुगड’ आणि कोर्टात! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघतो म्हणून ‘सुगड’, नाव मीच सुचवलेलं. सुगडात कसं बोरं, ऊस, गाजर, हरभरा — थोडं थोडं सगळ्यांचं. कागद मी स्वतः उल्हासनगरला जाऊन आणते, कॅम्प एकमध्ये, आणि बांधून घेते तिथल्याच एका सिंध्याकडून. तो मला म्हणतो, “माई, ऐसा पक्का बाइंडिंग देता हूँ, आपकी पोती भी पढ़ेगी.” नातीनं वाचायचं ते जज्जानं वाचलं, दुसरं काय. — अहो, दिला मीच, नाही कुठं म्हणते? गुरुदत्तनं मागितला, मी दिला. बायको गेली त्याची. माझ्यापुढं उभा राहिला, डोळ्यांत पाणी, म्हणाला, माई, उमाचा लेख आहे यात, आठवण म्हणून ठेवतो. त्याला नाही कसं म्हणायचं? तो अंक वकिलाकडं नेणार आहे हे मला काय स्वप्न पडलं होतं? आणि आमचे हेही म्हणाले, देऊन टाक. त्यांच्याच डिपार्टमेंटला आहे ना तो. सुपरवायझर. पोरगा तसा सरळ — म्हणजे कामाला सरळ.

काय लिहिलंय ते मला पाठ आहे, वही नको. “सकाळी हे कामावर गेले, की मी आतून कडी लावून घेते आणि माझ्या छोट्याशा राज्यात रमून जाते.” छान वाक्य आहे. — अहो, वाक्य म्हणून म्हणते मी, रागावू नका! आता त्या वकिलानं त्यातून काढायचं ते काढलं. की बघा साहेब, बाईला स्वतःलाच आतून कडी लावून बसायची सवय, तिनंच लिहून ठेवलंय, स्टोव्हचा भडका उडाला त्या दिवशीही तिनं तीच लावलेली, म्हणून कुणाला आत जाता आलं नाही, बाहेरून कुलूप घालायचा वगैरे सगळं माहेरच्यांनी रचलेलं आहे. असं म्हणाला ना तो? मला सांगितलं कुणीतरी. त्याला मी काय करू? मी हळदीकुंकवाचा अंक काढला, जबानी नव्हती लिहून घेतली.

तिनं असंच लिहिलं होतं का? — आता कसं सांगू तुम्हाला. तुम्ही शाळेत शिकवता ना? मग तुम्हाला कळेल. मुलं निबंध लिहितात तो तुम्ही तसाच भिंतीवर लावता का? लाल पेन फिरवताच ना? तसंच आहे हे. आता ह्या आमच्या इंदुबाई, पलीकडच्या ब्लॉकमधल्या. त्यांनी सणांवर लेख दिला. पहिलंच वाक्य काय? “मला एकही सण आवडत नाही, सणाला माझी पाठ मोडते आणि पुरणपोळी मला शेवटची, फाटलेली मिळते.” आता हे संक्रांतीच्या अंकात छापायचं? म्हणजे लिहायचं? मी केलं, “सण आले की घर कसं गजबजून जातं, आणि गृहिणीची कोण लगबग!” अर्थ तोच राहिला की नाही? लगबग म्हणजे पाठ मोडणारच! दुसऱ्या एकीनं सासूबद्दल लिहिलं, म्हातारी झोपेचं सोंग घेते आणि मी काय खाते ते बघते. मी लिहिलं, सासूबाईंचं माझ्या खाण्यापिण्याकडं बारीक लक्ष असतं. तीच सासू समोर बसून ऐकत होती हो हळदीकुंकवाला! खूश झाली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. मग वाईट केलं का मी? बायकांना वाटतं, मनात आलं ते लिहिलं की झालं. कागद मिळाला की भडाभडा ओकतात. नंतर निस्तरायचं कुणी? इथं सगळे एकाच कंपनीतले, एकाच भोंग्यावर उठणारे, नळाला एकाच वेळी उभ्या राहणाऱ्या बायका. घरातलं उष्टं कुणी रस्त्यावर टाकतं का? वाचणारीलाही बरं वाटलं पाहिजे, आणि लिहिणारीला रात्री घरी सुखानं जेवता आलं पाहिजे, एवढंच बघते मी. बारा घरच्या बाया सांभाळायच्या म्हणजे खायचं काम नाही.

उमाचं म्हणाल तर तिला मी लिहितं केलं. हे तुम्ही कोर्टात सांगा हवं तर. नवीन आली होती लग्न होऊन, मंडळात येत नव्हती, हळदीकुंकवाला नाही, भिशीला नाही. बायका म्हणायच्या, मिजास आहे मिरजवाल्या बाईला. मीच म्हटलं, असं नसतं गं, लाजत असेल. यंदाचा विषय होता ‘माझा दिवस’. मी गेले तिच्याकडं, म्हटलं, उमा, लिही काहीतरी, सगळ्याच लिहितायत. तर अशी हसली. तुमच्यासारखंच हसायची, एका गालानं. म्हणाली, माई, माझ्या दिवसात काय आहे? मी म्हटलं, जे असेल ते लिही. — हो, म्हटलं मी तसं. सगळ्यांनाच म्हणते. आणि चौथ्या की पाचव्या दिवशी तिकडून जात होते, शिवमंदिरातून येत होते, तर हाक मारली तिनं. पुरवणीचे कागद होते, दोन्ही बाजूंनी भरलेले, आणि सुरळी करून दोऱ्यानं बांधलेले. नुसते दिले असते तर चालले असते, पण बांधल्याशिवाय ते खिडकीतून नीट—

खिडकीतून दिले म्हणजे — मी रस्त्यानं जात होते, ती खिडकीत होती, दिले. त्यात काय एवढं? दारापर्यंत कोण जातंय, पायऱ्या आहेत, माझे गुडघे धरलेत. चहा घ्या. साखर कमी झाली का? आवडीचा हात आखडता आहे साखरेला. ही आवडी बदलापूरच्या पलीकडनं, वांगणीकडच्या एका वाडीवरून येते, तिलाही मी सही शिकवली बरं का. म्हणते, माई, मी नाव लिवलं तं माजा घरधनी म्हणला, आता आमचं नाव बुडवशील. हसून हसून पुरेवाट झाली माझी. उमाकडंही भांडी घासायची ही आधी. मग सोडलं तिनं. का म्हणजे? तिला विचारा — नको, राहू दे, कामात आहे ती. अहो, जायचं कसं आत भांडी घासायला? तो गेल्यावर ही यायची, आणि — म्हणजे वेळा जमत नव्हत्या.

तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडं. मी काय कुणाची वैरीण आहे? बरं. बरं, सांगते. तुम्हाला म्हणून सांगते, सख्ख्या बहिणीला. होतं कुलूप. लिहिलं होतं तिनं. पहिल्याच ओळीत. “सकाळी हे गेले की बाहेरून कुलूप लागतं. मग घर माझं.” असं. तक्रार नाही, रड नाही, काही नाही — दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं. मी तिथंच मंदिराच्या वाटेवर उभी राहून वाचलं, वालधुनी नदीचा तो वास येत होता, आणि नाकाला पदर लावायचंही सुचलं नाही मला. काय लिहायची हो! भाजीवाली गजातून भाजी देते, तर कोबी काही आत येत नाही. म्हणून आमच्याकडं भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा. पडवळ सगळ्यात शहाणं, ते न वाकता सरळ आत येतं. फणस आणि माझी आई, दोघंही बाहेरूनच बघून परत गेली. — खरंच परत गेल्या होत्या का आई तुमच्या? मला नव्हतं माहीत. मला वाटलं, विनोद आहे. आणि एक होतं, जत्रेचं. गेल्या वर्षी महाशिवरात्रीला आपल्या शिवमंदिराची जत्रा एवढी भरते, कर्ण्यावर हरवलेल्या पोरांची नावं पुकारतात, ती म्हणे खिडकीशी बसून ऐकत राहिली. “सगळी हरवलेली मुलं संध्याकाळपर्यंत सापडली. मला पुकारणारं कुणी नव्हतं, कारण मी कुठं आहे ते सगळ्यांना माहीत होतं.” हे वाक्य मला — मला नाही विसरता येत ते. मुद्दाम विसरायला जाते आणि पोळ्या लाटताना आठवतं.

का काढलं विचारता? मग काय, ठेवायचं होतं? अंक कोण वाचतं, ठाऊक आहे का तुम्हाला? हळदीकुंकू झालं की घरोघर फिरतो तो, एकेक दिवस. पुरुष वाचतात. गुरुदत्त वाचणार. अंक त्याच्या घरी गेल्या गेल्या तो पहिलं बायकोचं पान काढणार. त्यात कुलूप असतं, कोबी असता, तर त्या रात्री त्या पोरीचं काय झालं असतं? तुम्ही मिरजेला, मी इथं दोन ब्लॉक सोडून, मला ऐकू आलं असतं. मी वाचवलं तिला. वाचवलंच म्हणायचं. कुलपाच्या जागी कडी केली, बाहेरच्या जागी आतून केलं, कोबी काढला, जत्रा काढली, आणि शेवटी चार ओळी माझ्या घातल्या, की दिवेलागणीला यांच्या पावलांची चाहूल लागते आणि माझा दिवस सार्थकी लागतो. वाचून दाखवला समारंभात तेव्हा टाळ्या पडल्या. त्या दिवशी आणली होती त्यानं तिला, लेख होता ना, म्हणून. जरीकाठी नेसली होती. तो दाराशी पुरुषांत उभा होता, कौतुकानं मान हलवत. आमचे हे म्हणाले, गुरुदत्त, बायको लेखिका निघाली की तुझी! मला वाटलं, बघा, आता हा जरा नरमेल. चारचौघांत बायकोचं कौतुक झालं की पुरुष नरमतात, माझा अनुभव आहे.

ती? ती काय म्हणणार. टाळ्या वाजत होत्या तेव्हा खाली बघत होती. मग वाण घ्यायला आली माझ्याजवळ, मी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि ती वाकून नमस्कार करता करता हळूच म्हणाली, “माई, यात माझा दिवस कुठं आहे?” मी म्हटलं, अगं हाच की, जरा नीटनेटका केलाय. तर म्हणाली, “मग माझा मला परत द्या.” आता कुठून देऊ? सकाळीच बंबात घातले होते आवडीनं. तसं सांगितलं तिला. म्हटलं, उमा, ते गं कच्चं होतं. वाण घेतलं, प्लॅस्टिकची गाळणी होती यंदा, आणि गेली. ह्या घरात कुणाला बोलून दाखवलं नाही मी ते. आज तुम्हाला बोलले. पुन्हा नाही लिहिलं तिनं काही, मी विचारलं होतं — शिमग्याच्या आधी, जाता जाता, खिडकीशी थांबून. म्हणाली, माई, लिहिलेलं तुमच्या अक्षरात बदलतं. मला राग आला थोडा. एवढं आपण माणसाचं करायचं!

काळजी म्हणून लावायचा तो कुलूप, असं सांगायचा यांना. की ही वेंधळी आहे, दार उघडं टाकते, उल्हासनगरचे ते कापडवाले गठ्ठे घेऊन थेट आत येतात. खरं-खोटं देव जाणे. सगळ्यांना दिसत होतं की कुलूप, लपवलं कुठं होतं? चांगलं मुठीएवढं. पोस्टमन वाचायचा, भाजीवाली वाचायची. दिसतं ते लिहायची काय गरज, असंही वाटलं मला. आम्ही बायका आपापसांत म्हणायचो, नवीन नवीन आहे, पोर झालं की सुटेल. पोराला घेऊन कोण कोंडून घालतं? असंच म्हणायचो. मग त्या दिवशी—

ते नका विचारू. सांगून झालंय सगळं पोलिसांना. — नाही, मी नाही, यांनी सांगितलं. मला समोरच नाही येऊ दिलं, म्हणाले, बायकोची तब्येत बरी नाही. आणि नव्हतीच बरी, खोटं नाही. तुम्हाला कसं सांगू, सकाळची वेळ, पुरुष सगळे कंपनीत, मी इथंच तांदूळ निवडत होते, आणि इंदुबाईंची किंकाळी ऐकली. धावले तशीच. खिडकीतून नुसता काळा धूर. बायका नळाच्या बादल्या आणून गजांतून पाणी मारत होत्या, निम्मं बाहेरच सांडत होतं. गॅसचा नंबर लागला नव्हता ना त्यांचा, स्टोव्हच होता. ती — ती खिडकीशी आली होती एकदा. माझं नाव घेत होती म्हणतात, माई, माई म्हणून. मला नाही ऐकू आलं. आरडाओरडा केवढा होता! दाराला धक्के मारत होत्या बायका, पण सागवानी दार, कंपनीची जुनी बांधणी, ते काय बायकांच्या खांद्यानं तुटतंय? इंदुबाई म्हणाल्या, पहार आणते, कोयंडा उचकटू. मी म्हटलं, थांबा जरा, मोडतोड नको, मी वॉचमनला पळवलंय. हिंदुराव वॉचमन, तरुण माणूस, सायकलवर गेला तसा. म्हटलं त्याला, गुरुदत्तला गाठ, असेल तसा उठव, आणि किल्ली घेऊन ये, आधी किल्ली—

...

चहा गार झाला तुमचा. बदलून आणायला सांगते. आवडी—

काय? हो. किल्ली म्हटलं मी. ऐकलंत तेच. आतून कडी असेल तर किल्ली कशाला, हेच ना? मला कळतं हो, मी काही अडाणी नाही. तो आला, धावत आला, त्यानंच काढलं कुलूप. काढलं, आणि पँटच्या खिशात घातलं. मी बघितलं. सगळी माणसं आत घुसली आणि मी त्याच्या खिशाकडंच बघत राहिले, फुगलेल्या. आणि संध्याकाळी पंचनाम्यात कडी आतून होती. मी यांना म्हटलं, अहो, पण मी तर— तर हे म्हणाले, तू काहीही पाहिलं नाहीस. आपल्या नीलूचं लग्न जमत आलंय. मुलाकडची माणसं पुण्याची, खानदानी, विहीणबाईंना कळलं की मुलीची आई कोर्टाच्या पायऱ्या चढते, तर काय करतील त्या? आता मार्गशीर्षात लग्न आहे. आणि यांच्या रिटायरमेंटला वर्षच राहिलंय, क्वार्टर आहे कंपनीचं. हिंदुरावला तर दुसऱ्याच महिन्यात गावी धाडला. इंदुबाईंच्या मिस्टरांना विचारलं पोलिसांनी, ते म्हणाले, मी ड्युटीवर होतो. सगळेच ड्युटीवर होते. तुम्हीच सांगा, मी एकटीनं काय म्हणून—

तुम्ही काय लिहिताय केव्हापासून? मी बोलतेय आणि तुमचं आपलं चाललंय. मला वाटलं, भाड्याबिड्याचा हिशेब लिहिताय. द्या बघू. द्या हो, चष्मा आहे माझ्या कपाळावर. — अगंबाई.

हे — हे अक्षर उमाचं आहे.

तुमचं? असं कसं तुमचं? हे बघा, हा ‘ल’, शेपटी अशी वर उचललेली, आणि काना किंचित उजवीकडं पडलेला. हेच होतं. मी दोन दिवस हे अक्षर समोर ठेवून बसले होते, मला चुकेल का? — वडिलांनी? दोघींना एकाच पाटीवर? अस्सं. सारखं वळण. मला क्षणभर वाटलं... जाऊ द्या. किती भरभर लिहिता हो तुम्ही, एक शब्द सोडला नाहीत. कोबीसुद्धा आहे. पडवळ. “कारण मी कुठं आहे ते सगळ्यांना माहीत होतं.” सगळं आहे. जसंच्या तसं. आणि पुढं किल्ली. आणि खिसा. आणि खाली जागा सोडलीय ती कशाला? — सही? माझी?

नाही. नाही हो. तुम्ही काहीतरीच. मी बोलले ते आपलं घरगुती बोलले, चहा पिताना, बाईनं बाईशी. त्याच्यावर कुणी सही करतं का? आणि हे असं कसं देता येईल, बघा ना, वाक्यं किती तुटक आहेत, मध्येच साखर आलीय, मध्येच आवडी. हे नीट करायला हवं. हा खिसा तर काढायलाच हवा, मला काय नक्की दिसलं, धूर केवढा होता! द्यायचंच झालं तर मी दोन ओळी माझ्या अक्षरात लिहून देईन, की उमा गुणी मुलगी होती, मंडळाच्या कार्यात तिचा सहभाग असे. ते चालेल का? — चालणार नाही.

रडू नका. कुमुदताई, रडू नका हो अशा, मला नाही बघवत. मला काय तिची माया नव्हती? माझ्या नीलूपेक्षा दोन वर्षांनीच मोठी होती ती. बरं, असं करा. कागद ठेवा इथं. ठेवा म्हणते ना. मी शांतपणे वाचते. आज रात्री कल्याणलाच आहात ना, मामांकडं? मग उद्या या. हे कंपनीत गेले की या, दहाच्या सुमाराला. मी — मी विचार करते. सही काय, एक रेघ ओढायची. उमासाठी करीन मी तेवढं. खरंच. तुमचा विश्वास आहे ना माझ्यावर? दुसरी प्रत नाही ना काढलीय तुम्ही? हो, कुठून काढणार, आत्ताच तर लिहिलंत. तेच म्हणते मी.

थांबा, कुंकू लावते. सवाशीण बाई घरातून तशीच जायची नाही. ही ओटीला सुपारी. जपून जा, पायऱ्या उंच आहेत. आणि फाटकाशी हे भेटलेच तर म्हणा, अंकाची चौकशी करायला आले होते, बाकी काही बोलू नका. हो. हो, उद्या नक्की. या.

...

गेल्या.

...

“सकाळी हे गेले की बाहेरून कुलूप लागतं. मग घर माझं.” — काय अक्षर आहे बाई. जसं काही तीच.

आवडी, बंब पेटलेला आहे का गं अजून?